केनियात टाकी बांधायला शिकवायचे आहे. साचा न्यावा की नुसती थापी?

राधानगरीचा गवंडी

सर्वांना नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातला असून गेली बावीस वर्षे गवंडीकाम करतो, आणि त्यांतली चौदा वर्षे मुख्यतः फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेल्या, पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली आहेत. आमच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तरीही एप्रिल उजाडला की धनगरवाड्यावरच्या बायका हंडे घेऊन उताराखालच्या झऱ्याकडे निघतात, कारण जांभ्याचे पठार पाणी धरून ठेवत नाही. छपराचे पाणी पन्हळीने टाकीत घ्यायचे आणि उन्हाळ्यात पिण्यापुरते काढायचे, एवढीच माझ्या कामाची कथा आहे. माझी नेहमीची टाकी अडीच मीटर व्यासाची आणि 2.1 मीटर उंचीची, म्हणजे दहा हजार लिटरची असते. भिंत दीड इंचाची, मध्ये वेल्डमेश (जोडकाम केलेली जाड तारेची जाळी), तिच्या दोन्ही अंगांना कोंबडी जाळी आणि एकास तीन प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा माल. झाकणासकट बारा ते पंधरा पोती सिमेंट लागते.

गेल्या महिन्यात एका परिचितांमार्फत अशी विचारणा झाली, की केनियातील कितुई भागात तीन आठवडे राहून तिथल्या गवंड्यांना आणि महिलांच्या गटांना हे काम शिकवाल का. जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च ते करणार आहेत. पावसाळ्यात माझे काम बंद असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये जावे असा माझा विचार आहे. मला इंग्रजी कामापुरतेसुद्धा येत नाही.

माझ्यापुढे मुख्य अडचण साच्याची आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलेला पत्र्याचा आठ तुकड्यांचा साचा माझ्याकडे आहे आणि त्यामुळे भिंत एकसारखी येते. तो जहाजाने पाठवावा काय? दुसरे असे, की तिकडची माणसे गरीब आहेत असे सांगितले गेले, म्हणून जाळीऐवजी आपल्याकडच्या चिव्याच्या (बारीक बांबूच्या) कामट्यांसारखे काही वापरून खर्च निम्मा करता येईल का, असेही डोक्यात आहे. तीन आठवड्यांत मी आणि माझे दोन जोडीदार मिळून पाच टाक्या सहज उभ्या करू शकतो. तेवढ्या पुरेत का?

ओळंबा

दादा, मी कोल्हापुरातच स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो. आधी कामट्यांविषयी लिहितो, कारण ही चूक यापूर्वी दोन देशांत मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे आणि त्यांतला एक देश केनियाच आहे.

1970 च्या दशकात केनियात ‘घाला’ नावाची टाकी निघाली. घाला म्हणजे धान्य साठवण्याची विणलेली टोपली, थेट आपली कणगीच. आपण कणगी शेणामातीने लिंपतो, तसे त्यांनी त्या टोपलीला आतून-बाहेरून सिमेंटने लिंपले आणि लोखंडाचा खर्च वाचवला. कणगीत धान्य असते, टाकीत पाणी असते, आणि सगळा घोटाळा इथेच झाला. पाणी धरणाऱ्या भिंतीतली काडी ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि सिमेंटची पकड सोडते. पुढे वाळवी आणि बुरशी उरलेले काम पुरे करतात. थायलंडमध्येही 1980 च्या सुमारास बांबू घातलेल्या सिमेंटच्या टाक्या हजारोंच्या संख्येने बांधल्या गेल्या आणि काही वर्षांत बांबू कुजल्याचे तपासणीत दिसल्यावर ती पद्धत सोडून द्यावी लागली.

याचा हिशेब आपल्यालाही करता येईल. आपल्या टाकीच्या तळाजवळ पाण्याचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो, आणि त्यामुळे भिंतीत दर मीटर उंचीला सुमारे अडीच टनांची आडवी ओढ बसते. ही ओढ सिमेंट घेत नाही, तार घेते. व्यास दुप्पट केला तर ओढही दुप्पट होते, म्हणून ‘थोडी मोठी करा’ असा आग्रह तिथे कोणी धरला तर ऐनवेळी होकार देऊ नका. काटकसर करायचीच तर आकारात करा. थायलंडने तेच केले. पुढे तिथे जे मोठमोठे रांजण गावोगावी पसरले ते एक ते दोन हजार लिटरचे होते, आणि सुरुवातीच्या काळात त्यांचा साचा म्हणजे भाताच्या तुसाने ठासून भरलेले गोणपाटाचे पोते होते. बाहेरून माल थापायचा, तो आवळला की तूस काढून घ्यायचे आणि पोते ओढून काढायचे. लोक हे शिकले, मग त्यांतलेच काही जण रांजण करून विकू लागले आणि किंमत उतरत गेली.

साच्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नेऊ नका. साचा ज्याच्या ताब्यात, टाकी बांधण्याचा हक्क त्याच्याच हातात राहतो. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या पट्ट्यात 2003 पासून दहा लाख टाक्यांचा जो कार्यक्रम राबवला गेला, त्यातली 16,000 लिटरची टाकी जमिनीवर ओतलेल्या लहान-लहान सिमेंटच्या पाट्या उभ्या रचून आणि बाहेरून तारेने आवळून बांधतात. पाट्या ओतायला लाकडाची एक चौकट पुरते. ही पद्धत कुठल्या संशोधन संस्थेतून आलेली नाही. साओ पाउलोला पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या एका गवंड्याने गावी परतल्यावर ती काढली. आपल्याच बिरादरीचा माणूस म्हणायचा! 2011 मध्ये सरकारने तिथे तयार प्लास्टिकच्या टाक्या वाटायला काढल्या, तेव्हा पेट्रोलिना शहरात हजारो लोक विरोधासाठी रस्त्यावर आले, कारण टाकी ट्रकमधून उतरली की गावातल्या गवंड्याची मजुरी आणि गावाचे ज्ञान दोन्ही संपते, हे त्यांना कळत होते.

शिवाजी पेठ

मला हा सगळा प्रकार उलटा वाटतो. तीन माणसे तिकडे पाठवण्यापेक्षा तिकडची चार माणसे महिनाभर राधानगरीला आणावीत. भारत सरकारचा ‘आयटेक’ कार्यक्रम 1964 पासून परदेशातील लोकांना इथे आणून प्रशिक्षण देतोच आहे. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतील अनेक देशांच्या बायका येऊन सौरदिव्यांचे काम शिकून गेल्या, आणि त्यांची व शिकवणाऱ्यांची भाषा एक नव्हती. रंग, खुणा आणि हाताने दाखवणे यांवर काम भागले. त्यामुळे इंग्रजीची चिंता करू नये. मात्र तीन आठवड्यांत पाच टाक्या हे प्रशिक्षण नाही, ते कंत्राट आहे.

दोन वर्षे उकंबानीत

मी मूळचा हातकणंगल्याचा. एका संस्थेच्या कामानिमित्त कितुई आणि माकुएनी या भागांत, म्हणजे तिथले लोक ज्याला उकंबानी म्हणतात त्या प्रदेशात, दोन वर्षे राहिलो आहे. शिवाजी पेठकरांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही. माणूस इथे आला तर आपल्या क्रश सँडवर, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूवर, आणि आपल्या पाण्यावर शिकेल, आणि परत गेल्यावर त्याच्यासमोर दुसरीच वाळू असेल. कितुईत कोरड्या नद्यांच्या पात्रांत भरपूर वाळू मिळते आणि ती हाताला आपल्या क्रशसारखी पिठूळ लागत नाही. गवंडीदादांच्या हाताला क्रशच्या धुळीचा अंदाज बसलेला असेल, तेवढेच पाणी त्या वाळूत ओतले तर माल भिंतीवरून घसरेल. तेव्हा दादांनाही पहिले दोन दिवस विद्यार्थी व्हावे लागेल. पाच टाक्या हे प्रशिक्षण नाही, या पेठकरांच्या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे.

आम्ही पहिल्या वर्षी भारतातून दोन कारागीर नेले आणि सहा टाक्या बांधल्या. टाक्या उत्तम झाल्या, छायाचित्रे निघाली, फीत कापली गेली. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो तेव्हा सातवी टाकी कुठेच नव्हती. साचा संस्थेच्या गोदामात कुलुपात होता. ज्यांना आम्ही शिकवले असे समजत होतो, त्यांनी सहाही टाक्यांना माल कालवून दिला होता, मालाच्या पाट्या वाहून दिल्या होत्या, पण भिंतीला थापी एकानेही लावली नव्हती. भिंत बिघडेल या भीतीने आमच्या कारागिरांनी त्यांच्या हातात थापी दिलीच नव्हती, आणि मीही शेजारी उभा राहून ते पाहत होतो. शिवाय एका टाकीचा नळ तुटला होता आणि तो बदलण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसल्यामुळे ती टाकी चार महिने रिकामी उन्हात तापून तडकली होती. तळाला वीतभर पाणी कायम राहू द्यावे, हे सांगायचे आम्ही विसरलो होतो.

दुसरी चूक क्युरिंगची, म्हणजे सिमेंट ओले ठेवण्याची, झाली. चौदा दिवस गोणपाट ओले ठेवायचे हे सर्वांना समजले होते, पाळ्याही लागल्या होत्या, पण रविवारी सगळे गाव चर्चला गेले आणि तिथून दुपार उलटल्यावर परतले. ऊन असे होते की गोणपाट पापडासारखे कडकडीत झाले. दोन टाक्यांना नखाने उकरता येतील इतक्या बारीक भेगा त्याच रविवारी पडल्या. रविवारची पाळी कोणाची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा.

आता ऑगस्टविषयी. कृपया ऑगस्टमध्ये जाऊ नका. उकंबानीत पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ कोरडा असतो. ऑगस्टमध्ये बायका वीस लिटरचे पिवळे कॅन घेऊन तासन्‌तास चालत असतात. एक टाकी ओली ठेवायला रोज शंभर-दीडशे लिटर पाणी जाते, म्हणजे चौदा दिवसांत सत्तर ते शंभर कॅन. पाण्याची टाकी बांधण्यासाठी त्या बायांकडून एवढे कॅन पाणी वाहून घ्यायचे, हे मला त्या वेळी खटकले नाही आणि आता आठवले की लाज वाटते. जानेवारीच्या अखेरीस जा. डिसेंबरच्या पावसाचे पाणी तळ्यांत आणि नदीच्या वाळूखाली तेव्हा अजून असते, आणि टाकी तयार होईपर्यंत मार्चचा पाऊस जवळ येतो.

टाकीच्या मापाचा विचारही तिथल्या ऋतूंवरूनच करावा लागतो. पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर 600 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी वर्षाला 24,000 लिटर पाणी मिळते. सहा माणसांना पिण्या-रांधण्यासाठी माणशी दहा लिटर धरले तर पाच कोरड्या महिन्यांना 9,000 लिटर पुरतात. आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात, म्हणून राधानगरीत त्याच कुटुंबाला 14,000 लिटरहून अधिक लागतील. पाऊस इतका कमी असूनही दादांची दहा हजारांची टाकी कितुईत अधिक चांगली चालेल, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. अट एकच आहे: मार्च-मेचा पाऊस तिथे बेभरवशाचा असतो, आणि तो हुकला तर हीच पाच महिन्यांची रांग नऊ महिन्यांची होते. त्यामुळे टाकी भरली म्हणून धुण्याला पाणी काढू नये, हे सांगणारी घरातली बाई त्या प्रशिक्षणात बसलेली असली पाहिजे.

गारगोटीची माहेरवाशीण

शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. आमच्या बचत गटातील सात जणींनी नऊ वर्षांपूर्वी टाकी बांधायला शिकून घेतली, आणि तेव्हा शिकवायला आलेले गवंडीमामा आम्हाला सुरुवातीला ‘तुम्ही वाळू चाळा’ एवढेच सांगत होते. चाळता चाळता वाळू आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळू लागली, ही गोष्ट वेगळी. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवायचे, दोन-तीन तास ठेवायचे, आणि वर गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागाहून जाड दिसला तर ती वाळू धुतल्याशिवाय घ्यायची नाही. माल कालवल्यावर मुठीत दाबून लाडू वळायचा. लाडू फुटला तर पाणी कमी, बोटांमधून पाणी गळले तर जास्त. या दोन परीक्षांना कोणतीच भाषा लागत नाही, म्हणून दादा, पहिल्या दिवशी भिंत नको, लाडू शिकवा.

वरच्या लेखनात कितुईच्या गटांचा उल्लेख आला. तिथल्या कांबा समाजाच्या बायकांची एकमेकींच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची जुनी रीत आहे, तिला ‘म्वेथ्या’ म्हणतात. आपल्याकडचा पैराच तो. केनियात घरावर पत्रा घालण्यासाठी बायकांनी आळीपाळीने पैसे जमवल्याचेही उदाहरण आहे. 1960 च्या दशकापासून असे ‘माबाती’ गट निघाले, माबाती म्हणजे पन्हळी पत्रा. म्हणजे भिशी आणि पैरा या दोन्ही गोष्टी तिथे आधीपासून आहेत. आमच्या गटाची टाकीसुद्धा अशीच उभी राहिली: दर महिन्याला एका घराची जाळी आणि सिमेंट भिशीतून, आणि राबणे पैऱ्याने. तुम्ही पाच टाक्या फुकट बांधून दिल्यात तर सहावी बाई भिशी का भरेल? ती पुढच्या पाहुण्यांची वाट पाहील. हे मी रागाने लिहीत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत असेच घडलेले मी पाहिले आहे.

आणि एक. छपराचे पहिल्या पावसाचे पाणी बाजूला काढण्याची सोय आणि नळाखाली कॅन बसेल एवढी उंची, या दोन गोष्टी पुरुष गवंडी नेहमी शेवटी ढकलतात. वीस लिटरचा कॅन बसायला नळाखाली किती जागा लागते ते तिथला कॅन समोर ठेवून मोजा. आमचा पहिला नळ इतका खाली बसला होता की हंडा तिरका धरावा लागे, आणि अर्धे पाणी चिखलात जाई.

राधानगरीचा गवंडी

सर्वांचे आभार मानतो. ताईंचे लिहिणे मनाला लागले, कारण ‘तुम्ही वाळू चाळा’ हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे.

एक गोष्ट कबूल करतो. सुरुवातीच्या काळात एका धनगरवाड्यावर संध्याकाळी अंधार पडला म्हणून मी भिंतीचे काम तळापासून हातभर उंचीवर थांबवले आणि सकाळी तिथूनच पुढे माल लावला. त्या जोडावर ती टाकी आजही पाझरते. पुढे मी सवयच लावून घेतली, की माल भिजवल्यापासून अर्ध्या तासात संपवायचा आणि भिंतीचा एक हात, म्हणजे मालाचा एक थर, एकाच दिवसात पुरा फिरवायचा, आणि काही कारणाने थांबावेच लागले तर कडा खरवडून, ओली करून, सिमेंटचे पाणी मारून मगच पुढे जायचे. पण हे मी आजवर कोणाला शिकवलेले नाही, कारण माझ्या जोडीदारांना ते माझ्याकडे पाहून येते. तीन आठवड्यांत पाहून येणार नाही, तर जोड मुद्दाम कसा करायचा तेही दाखवावे लागेल, असे आता वाटते.

त्यामुळे बेत असा बदलतो. साचा उद्यमनगरच्या गाळ्यातच राहील. पहिली टाकी मी बांधणार आणि ते पाहणार. दुसरी आम्ही मिळून. तिसरीला मी थापी हातात धरणार नाही, चूक दिसली तरी दुपारच्या जेवणापर्यंत बोलणार नाही. हे मला सर्वांत अवघड जाईल. तिन्ही टाक्यांचे सिमेंट आणि जाळी गटानेच आणावी, असे कळवतो. भिंतीला आतून गोणपाटाचा पडदा ताणून बाहेरून माल दाबण्याची पद्धत मी पूर्वी वापरलेली आहे, तीच तिथे दाखवीन. जोडीदार दोन न नेता एकच नेईन, म्हणजे काम उरकण्याचा मोह कमी होईल.

अडचण तारखेची आहे. जानेवारीच्या अखेरीस आमच्या उसाची तोड असते आणि टोळी आली की घरचा माणूस फडात लागतो. धाकट्या भावाला विचारले आहे. तो हो म्हणेल असे वाटते, पण पुढच्या वर्षीच्या तोडीला मी त्याच्या फडात उभा राहायचे, अशी त्याची अट आहे.

ओळंबासाहेब, अथी रिव्हर या गावी सिमेंटचे कारखाने आहेत असे कळले. ते कितुईपासून फार लांब नसेल तर सिमेंट ताजे मिळेल का?

ओळंबा

अथी रिव्हर हे नैरोबीजवळ, माचाकोस भागात येते, आणि माचाकोस हा कितुईचा शेजारीच आहे. त्यामुळे सिमेंट लांबून आणावे लागणार नाही. तरीही दुकानातल्या पोत्यावर विसंबू नका. पोते कोपऱ्यात दाबून पाहा, आत गठ्ठे लागले आणि ते बोटाने फुटले नाहीत तर परत करा. जाळी घेताना जस्ताचा मुलामा पाहून घ्या आणि थोडी जास्तच घ्या. गोणपाटाच्या पडद्यावर भिंत आत-बाहेर होते, तेव्हा दर हातभर अंतरावर सुतळीने व्यास मोजत राहा, आणि जिथे दीड इंचाच्या खाली जाडी दिसेल तिथे आतून माल भरा. बांधून झाल्यावर टाकी एकदम भरू नये, चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने भरावी, म्हणजे कुठे घाम फुटला तर वेळेवर दिसेल.

दोन वर्षे उकंबानीत

तिकडे गवंड्याला ‘फुंडी’, पाण्याला ‘माजी’, सिमेंटला ‘सारुजी’ आणि वाळूला ‘म्चांगा’ म्हणतात. एवढे चार शब्द आणि ‘पोलेपोले’, म्हणजे हळूहळू, इतके आले तरी काम सुरू होते.

प्रवासाविषयी एकच सूचना करतो, कारण ती चुकली तर घरी पोचायला उशीर होईल. केनियातून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचे पिवळे कार्ड दाखवावे लागते आणि ते नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, म्हणून जोडीदाराचे आणि तुमचे काम डिसेंबरमध्येच उरकून घ्या. थापी, रंधा आणि ओळंबा हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील; मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या. चाळणी तिथेच करून घ्या, म्हणजे तुम्ही निघाल्यावर ती त्यांच्याकडेच राहील.